लेकरू जेवत नाही : काय करावे, काय टाळावे



या पानावर आम्ही बहुधा बेणे, खत, पाणी आणि तोडणीचे वेळापत्रक यांविषयी लिहितो. या वेळी विषय वेगळा घेतला आहे. गटसभेच्या निमित्ताने गावोगावी बसणे होते. उसाची बोलणी संपली, चहा आला, की माजघरातून एक तक्रार हमखास ऐकू येते : "बाकी सारं ठीक आहे, पण लेकरू काहीच खात नाही हो." आई हे काळजीने सांगते. आजीच्या बोलण्यात सुनेवर थोडा ठपका असतो. आणि बाप काही न बोलता दुकानातून पाच रुपयांची पुडी आणून पोराच्या हातात देतो. या काळजीचे, ठपक्याचे आणि पुडीचे काय करावे, याचा विचार या लेखात करू. लेख मुख्यतः एक ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे.

पंगतीतले वांगे

हिवरा आश्रमचा विवेकानंद जयंतीचा उत्सव आपल्याला नवा नाही. गळीत हंगाम भरात असताना, पौषात तो येतो. महाप्रसादाला लाखावर माणसे उघड्या शेतात रांगा धरून बसतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पुरी आणि वांग्याची भाजी येते आणि स्वयंसेवक ती वाढत जातात. श्रीमंत-गरीब, लहान-थोर, सगळ्यांच्या पुढ्यात तेच.

अशाच एका पंगतीत आमच्यापैकी एकाच्या शेजारी चार वर्षांचा एक मुलगा बसला होता. त्याची आई आधीच सांगून मोकळी झाली होती, "घरी वांग्याचं नाव काढलं तरी तोंड फिरवते हा. पुरी तेवढी खाईन." वाढप व्हायला वेळ होता. पोरगा भुकेने चुळबुळ करू लागला. मग पुरी आली, भाजी आली. आई शेजारच्या बाईशी बोलण्यात गुंतली होती. पोराने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. सगळेच खात होते. त्याने पुरीचा तुकडा रश्शात बुडवला, चाटला, खाल्ला. थोड्या वेळाने त्याने आणखी भाजी मागितली. आईने कपाळावर हात मारला, "पाहा बरं! मग घरी काऊन नाही खात?"

प्रसादाची गोडी वेगळी, हे खरेच. पण त्या पंगतीत आणखी पाच गोष्टी घडल्या होत्या, आणि त्या पाचही घरी घडवता येतात. मुलाला खरी भूक लागलेली होती. सगळ्यांच्या पुढ्यात एकच अन्न होते. त्याऐवजी दुसरे काही मिळण्यासारखे नव्हते. त्याच्या तोंडाकडे कोणी टक लावून बसले नव्हते. आणि वाढले होते थोडे. हवे तेव्हा मागून मिळत होते. या पाच गोष्टी एकेक करून पाहू.

भूक कमी झाली की वाढ मंदावली?

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. जन्मतः तीन किलोचे बाळ पहिल्या वाढदिवसाला साधारण नऊ किलोचे होते, म्हणजे वर्षात सहा किलो वाढते. दुसऱ्या वर्षी तेच मूल दोन-अडीच किलोच वाढते. वाढीचा वेगच कमी होतो, म्हणून भूकही त्या मानाने कमी होते. आईला वाटते, "आधी चांगलं खायचा, आता काय झालं?" बहुतेक वेळा काहीच झालेले नसते. उगवणीच्या काळातला उसाचा वेग आणि पुढचा वेग आपण सारखा धरत नाही. लेकराचाही धरू नये.

दुसरे असे की, साधारण दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान मुले अनोळखी अन्नाला घाबरतात. हिरवे दिसले, बुळबुळीत लागले, वास वेगळा आला की तोंड मिटतात. हा हट्टीपणा किंवा आईची चूक नसून वयाचा एक टप्पा आहे. काही मुलांत तो जोरात येतो, काहींत कळतही नाही. म्हणून "तिची पोरं बघ कशी खातात" ही तुलना घरातल्या कोणीच करू नये.

१. भूक म्हणजे वाफसा

वाफसा आल्याशिवाय आपण पेरत नाही. रान ओले असताना पाभर घातली तर बीही जाते आणि मेहनतही. लेकराचे पोट असेच आहे. सकाळी चहा-बिस्किट, नऊला दूध, दहाला फरसाण, अकराला आजोबांनी दिलेली गोळी, आणि बाराला आई ताट घेऊन मागे धावते. वाफसा येणार कसा?

दिवसाचे तीन जेवण आणि मधले दोन खाणे, असे पाच वक्त ठरवावेत. दोन वक्तांमध्ये दोन-अडीच तासांचे अंतर ठेवावे. मध्ये पाणी द्यावे, दुसरे काही नाही. दूध चांगले, पण दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर गेले की ते पोट भरते आणि भाकरी-वरणाची जागा घेते. दुधात लोह फार कमी असते, त्यामुळे दुधावरच वाढलेले गुटगुटीत मूलही आतून फिके असू शकते. चहा तर लहान मुलाला देऊच नये. चहातल्या तुरट द्रव्यामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षांच्या १०० मुलांपैकी सुमारे ६९ मुलांत रक्त कमी आढळले. हा आकडा आपल्याच राज्यातील घरांचा आहे, हे विसरू नये.

२. सगळ्यांच्या पुढ्यात तेच

लीन बर्च या अमेरिकन संशोधक बाईंनी १९८० साली बालवाडीतल्या मुलांवरचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या मुलाला एक भाजी आवडते, त्याला दुसरी भाजी आवडणाऱ्या तीन-चार मुलांच्या टेबलाशी जेवायला बसवले. चार दिवसांतच अनेक मुले आपली निवड बदलून दुसरी भाजी घेऊ लागली. कोणी उपदेश केला नव्हता. सोबत्यांकडे पाहूनच फरक पडला.

आपल्याकडे ही गोष्ट प्रयोगावाचून ठाऊक होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला गरीब वस्तीतल्या मुलांना त्यांच्याच अंगणात जमवून शिकवले. त्यातूनच अंगणवाडी आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हे नाव गावोगाव पोहोचले. आज अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ताजा शिजवलेला आहार मिळतो. ती रोजची छोटी पंगतच आहे. "आमचं पोरगं तिथलं खात नाही," म्हणून त्याला घरी ठेवू नका. घरी न खाणारी मुले तिथे खातात, हे कोणत्याही अंगणवाडी सेविकेला विचारून पाहावे.

आणि घरी? आपल्याकडे बाप शेतावरून आला की आधी तो जेवतो, मग मुले, आणि सगळ्यांत शेवटी आई उभ्या-उभ्या जेवते. मुलाने मेथी खाल्लेली कोणाला पाहिलीच नाही, तर त्याने ती का खावी? दिवसातून निदान एक वक्त, रात्रीचा तरी, सगळ्यांनी एकत्र बसावे. बापाने पोराशेजारी बसून तीच भाजी खावी. "खा" म्हणू नये, फक्त खावी. आईला सांगायच्या दहा सूचनांपेक्षा बापाचे हे एक काम मोठे आहे.

३. साखरेचे आमिष नको

आता आमच्याच दारातली गोष्ट. आपला कारखाना साखरेचा. साखर विकली गेली तर उसाला भाव मिळतो, हे आम्ही नाकारत नाही. सभासदांना सवलतीची साखर मिळाली म्हणजे घरात डबा भरलेला असतो, आणि मूल जेवले नाही की पोळीवर साखर-तूप पसरून गुंडाळी हातात देणे सोपे जाते. पण जे खरे आहे ते आमच्या सभासदांना आम्ही सांगायचे नाही, तर कोणी सांगायचे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत. तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला हजार-बाराशे कॅलरी लागतात असे धरले, तर १० टक्के म्हणजे २५ ते ३० ग्रॅम, आणि ५ टक्के म्हणजे जेमतेम तीन लहान चमचे. चहातली, बिस्किटातली, गोळीतली अशी सगळी साखर त्यातच आली. दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या खाण्यात साखर घालूच नये. "मग गूळ चालेल का?" असे विचारले जाते. गुळात थोडे क्षार असतात, पण या हिशोबात गूळही साखरच. सणाला पुरणपोळी, संक्रांतीला तिळगूळ, हे जरूर खावे. रोजच्या भाकरीवरचे आमिष म्हणून साखर वापरू नये.

याचे कारण एका जुन्या प्रयोगात सापडते. अमेरिकेत डॉ. क्लारा डेव्हिस यांनी १९२६ पासून नुकत्याच वरचे खाऊ लागलेल्या बाळांपुढे तीसेक साधे पदार्थ मांडले : धान्य, दूध, फळे, भाज्या, अंडी, मांस. परिचारिकेने आग्रह करायचा नाही. बाळाने बोट दाखवले तरच चमचा भरायचा. १९३९ साली त्यांनी १५ मुलांची हकिकत मांडली. कोणत्याही दोन मुलांचे खाणे सारखे नव्हते. एखादे एके दिवशी अंडीच खाई, दुसऱ्या दिवशी केळीच. पण सगळी मुले चांगली वाढली. मूल आपली भूक ओळखते, हे त्यातून दिसले. मात्र डॉक्टरबाईंनी स्वतःच सांगितले की खरी युक्ती पदार्थांच्या यादीत होती. त्या यादीत साखर घातलेले काहीच नव्हते. निवड मुलाची होती, पण कशातून निवडायचे ते मोठ्यांनी ठरवले होते.

आपल्याही घरी हेच करायचे. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात ही वाटणी सोप्या शब्दांत मांडली : काय, केव्हा आणि कुठे द्यायचे हे आईबापांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे लेकराने ठरवावे. आपण बहुधा उलटे करतो. काय खायचे ते पोरगा दुकानासमोर ठरवतो, आणि किती खायचे ते आपण घास कोंबून ठरवतो.

४. तोंडाकडे पाहू नये

गव्हाणीत एकदम जास्त मोळी ढकलली तर चरक अडतो, हे आपल्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिले आहे. नाक दाबून, मांडीत धरून, दटावून घास कोंबला तर मूल ओकते, ठसका लागतो, आणि दुसऱ्या दिवशी ताट पाहूनच रडू लागते. अन्नाची भीती बसली की ती काढायला महिने जातात.

लाच देणेही उपयोगाचे नाही. "भाजी संपव, मग चॉकलेट देतो," असे म्हटले की मुलाला कळते, भाजी वाईट असली पाहिजे, नाहीतर बक्षीस कशाला? बर्चबाईंनी १९८४ साली हेही दाखवले : पेय प्यायल्याबद्दल मुलांना बक्षीस किंवा शाबासकी दिली, तर पुढे ते पेय त्यांना आधीपेक्षा कमी आवडू लागले. मोबाईल दाखवून भरवणे हा आजचा नवा प्रकार. त्यात घास जातो, पण काय खाल्ले आणि पोट केव्हा भरले, दोन्ही मुलाला कळत नाही.

मग करावे काय? ताट पुढे ठेवावे, वीस-पंचवीस मिनिटे सोबत बसावे, गावच्या-शेताच्या गप्पा कराव्यात. खाल्ले तर उत्तम. नाही खाल्ले तर न रागावता ताट उचलावे आणि पुढच्या वक्ताला पुन्हा द्यावे. मध्ये पुडी, बिस्किट काही नाही. पहिले तीन-चार दिवस घरात रडारड होईल. आजीचा जीव तुटेल. तिने नातवाच्या मायेपोटीच पदराची गाठ सोडलेली असते, तेव्हा तिच्याशी भांडू नये. "आजी, ताटाआधी काही देऊ नका, जेवण झाल्यावर तुमच्या हातानं केळं द्या," असे सांगावे. तिचा मान राहतो आणि वाफसाही मोडत नाही.

५. थोडे वाढावे, पुन्हा पुन्हा वाढावे

मुलाचे पोट लहान असते. मोठ्या माणसाचे ताट त्याच्यापुढे ठेवले की ते पाहूनच ते हरते. चौथा हिस्सा भाकरी, दोन चमचे वरण, एक चमचा भाजी, एवढ्यावर सुरुवात करावी. मागितले की आणखी द्यावे.

नवी भाजी एकदा नाकारली म्हणजे कायमची नाकारली असे नाही. आठ-दहा वेळा, काही मुलांना पंधरा वेळा पुढे आली, की ओळख होते आणि मग चव घेतली जाते. आपण दोन वेळा देऊन "याला दोडकं आवडत नाही" असा शिक्का मारतो. पोरही तो शिक्का ऐकते आणि खरा करते. रोज एकच चमचा ताटात ठेवावा, खाल्ला नाही तरी चालेल. सोबत मुलाच्या ओळखीचा एखादा पदार्थ असू द्यावा. मुलाला शेतात नेऊन त्याच्या हाताने वांगे, शेंग, टमाटा तोडू द्यावा. स्वतः तोडलेले खावेसे वाटते.

महाग काही लागत नाही. मुगाची खिचडी आणि वर चमचाभर तेल, ज्वारीच्या कण्या ताकात, वरणात कुस्करलेली भाकरी आणि लिंबाची फोड, पालक-मेथी घातलेले धिरडे, दाण्याचे कूट, उकडलेले अंडे, केळे, पेरू. तिखट लागते म्हणूनही पुष्कळ मुले खात नाहीत. आपला रस्सा झणझणीत असतो, तेव्हा तिखट टाकण्याआधी मुलाची वाटी काढून घ्यावी. अख्खे दाणे, फुटाणे आणि उसाच्या गंडेऱ्या पाच वर्षांच्या आतल्या मुलाला देऊ नयेत, श्वासनळीत अडकतात. दाणे कुटूनच द्यावेत.

नखरे नव्हे, आजार असेल तर

मूल खेळते, हसते, दर महिन्याला वजन थोडे का होईना वाढते, तर थोडे खाल्ले तरी भिण्याचे कारण नाही. उसाचे मोल आपण मोळीच्या आकारावर ठरवत नाही, उताऱ्यावर ठरवतो. तसेच मुलाचे खाणे ताटावरून न मोजता वजनाच्या तक्त्यावरून मोजावे. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होते, ते चुकवू नये. राज्याने २००५ साली सुरू केलेल्या माता-बाल आरोग्य व पोषण मिशनला राजमाता जिजाऊंचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाच्या लेकीचे, नाव दिले आहे. त्या नावाची लाज आपण राखली पाहिजे.

पुढील गोष्टी दिसल्या तर घरगुती उपाय करत बसू नये, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे : दोन-तीन महिने वजन वाढले नाही किंवा घटले, तळवे, ओठ, डोळ्यांच्या आतली कड पांढुरकी दिसते, मूल माती, भिंतीचा पोपडा खाते, गिळताना ठसका लागतो किंवा वारंवार ओकारी होते, जुलाब, ताप, खोकला हटत नाही, पायावर सूज आहे, मूल मलूल पडून राहते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण समजावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जंतांमुळेही भूक मरते. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाडीत आणि शाळेत गोळी दिली जाते, ती घ्यावी.

फडावरच्या लेकरांविषयी

शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या फडात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची लेकरेही नीट खात नाहीत, असे दिसते. पण त्यांचा प्रश्न नखऱ्याचा नाही. आई पहाटे कोयता घेऊन निघते, कोपीत सकाळची गार भाकरी असते, आणि भरवणारी बहीण स्वतःच सात वर्षांची असते. स्थलांतर करून आलेल्या मुलांनाही मुक्कामाच्या गावच्या अंगणवाडीत आहार घेता येतो. टोळी आपल्या रानात उतरली की किती लहान मुले आहेत ते सभासदाने सेविकेला कळवावे. एक निरोप द्यायला खर्च काही नाही. घरच्या लेकराला पाच वक्त ठरवून देताना बांधापलीकडच्या लेकराला निदान एक गरम वक्त मिळावा, एवढे आपण पाहू शकतो.

पुढच्या पौषात पुन्हा पंगत बसेल. तोवर आपल्या घरी रोज एक छोटी पंगत बसवून पाहावी. बापाने जागा धरावी, आईने सगळ्यांबरोबर बसावे, आणि लेकराच्या ताटात चमचाभर वांगे असू द्यावे. आज ते उरेल, उद्याही उरेल. त्यावर कोणी काही बोलू नये.